संकेतस्थळाचे दप्तर कोण सांभाळणार?

स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा शहराजवळ सर्न ही भौतिकशास्त्राची विख्यात संशोधन संस्था आहे. १९९० साली तेथील टिम बर्नर्स-ली यांच्याकडे नेक्स्ट कंपनीचा एक काळ्या रंगाचा संगणक होता. त्यावर एक कागद चिकटवलेला होता आणि त्यावर लाल शाईने लिहिले होते की हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नये. जगातील पहिले संकेतस्थळ या एकाच यंत्रावर उभे होते. कोणी भाबडेपणाने त्याची कळ दाबली असती, तर त्या दिवसापुरते अवघे ‘वर्ल्ड वाइड वेब’ बंद पडले असते.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र कोणतेही शुल्क न घेता जगाला खुले केले आणि पाहता पाहता ते घरोघरी पोहोचले. मात्र ज्या पानापासून प्रारंभ झाला, ते पान मूळ रूपात कोणी जपून ठेवले नव्हते. मजकूर सतत सुधारला जात होता आणि नवे लिहिताना जुने पुसले जात होते. बरोबर वीस वर्षांनी, ३० एप्रिल २०१३ रोजी, सर्नने पहिले संकेतस्थळ त्याच्या मूळ पत्त्यावर पुन्हा उभे करण्याचा प्रकल्प जाहीर केला. त्या वेळी हाती असलेली सर्वांत जुनी प्रत १९९२ सालची होती. ही बातमी प्रसृत झाल्यावर अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे प्राध्यापक पॉल जोन्स पुढे आले. १९९१ मध्ये बर्नर्स-ली त्यांच्याकडे गेले असता त्यांनी दिलेली प्रत जोन्स यांच्या जुन्या संगणकावर शिल्लक होती. वेब जेथे जन्माला आले, त्या संस्थेला आपल्याच दप्तराचे जुने पान परदेशातील एका स्नेह्याकडून मिळाले.

सर्नसारख्या संपन्न आणि तंत्रनिपुण संस्थेची ही कथा असेल, तर एखाद्या जिल्ह्याच्या गावी चालणाऱ्या शिक्षणसंस्थेची, वसतिगृहाची, धर्मादाय न्यासाची किंवा व्यापारी मंडळाची स्थिती काय असेल? गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अशा असंख्य संस्थांनी संकेतस्थळे काढली. वार्षिक अहवाल, सभांच्या सूचना, देणगीदारांच्या याद्या, शिष्यवृत्तीधारकांची नावे, समारंभांची छायाचित्रे असा मजकूर तेथे चढवला. जे पूर्वी छापले जात असे ते हळूहळू केवळ पडद्यावर राहिले. छपाईचा खर्च वाचला, हे खरे. परंतु छापील अहवालाची प्रत कपाटात ठेवण्याची जी जबाबदारी कोणा लेखनिकावर असे, ती संकेतस्थळाच्या बाबतीत कोणावरच सोपवली गेली नाही.

पाटी, गाळा आणि माल

कागदाची वही माळ्यावर पडून राहिली, तर कसर लागते, ओल येते, कडा झिजतात. तरीही पन्नास वर्षांनी ती उघडली असता बहुतांश मजकूर वाचता येतो. संकेतस्थळाचे तसे नाही. ते टिकण्यासाठी दरवर्षी काही ना काही करावे लागते. कोणी काहीच केले नाही, तर ते काही महिन्यांतच नाहीसे होऊ शकते.

याचे कारण त्याच्या रचनेत आहे. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर संकेतस्थळाला दुकानाप्रमाणे तीन गोष्टी लागतात: पाटी, गाळा आणि माल. पाटी म्हणजे डोमेन, अर्थात संस्थेचे इंटरनेटवरील नाव. हे नाव कोणी कायमचे विकत घेत नाही. ते ठरावीक मुदतीसाठी नोंदवले जाते आणि एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांपर्यंतची नोंदणी करता येते. गाळा म्हणजे होस्टिंग, म्हणजे ज्या संगणकावर मजकूर ठेवला जातो ती भाड्याची जागा. आणि माल म्हणजे प्रत्यक्ष मजकूर, छायाचित्रे, कागदपत्रे.

पाटीची मुदत संपली आणि नूतनीकरणासाठी मिळणारा काळही उलटला, तर तेच नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो. जुन्या, परिचित नावांवर जुगाराच्या किंवा फसव्या जाहिराती थाटल्या जाण्याचे प्रकार जगभर घडतात. गाळ्याचे भाडे थकले, तर आतील माल पुसला जातो. आणि पाटी व गाळा दोन्ही शाबूत असतानाही माल हरवू शकतो. नवे कार्यकारी मंडळ येते, संकेतस्थळाला नवे रूप द्यायचे ठरते, नवा कंत्राटदार नव्याने मांडणी करतो आणि जुनी पाने ‘आता कोण पाहतो’ म्हणून मागे राहतात. आगीत किंवा पुरात दप्तर गेले तर निदान सर्वांना कळते. येथे काही हरवले आहे याची कोणाला जाणीवही होत नाही.

अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटर या संस्थेने २०२४ साली याविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर, ऑक्टोबर २०२३ मध्ये, उपलब्ध नव्हती. शंभर खातेदारांपैकी अडतीस जणांच्या खात्याचा दहा वर्षांनी पत्ताच लागू नये, असे एखाद्या पेढीत घडले, तर ती पेढी कोणत्या तोंडाने दार उघडेल?

परक्याच्या जागेत ठेवलेला ठेवा

कित्येक संस्थांनी तर स्वतःचा गाळाही घेतलेला नाही. त्यांची छायाचित्रे फेसबुकवर, चित्रफिती यूट्यूबवर आणि कागदपत्रे कोणा कार्यकर्त्याच्या खासगी गूगल ड्राइव्हवर असतात. सोय म्हणून यात गैर काही नाही. परंतु ती जागा परक्याची आहे आणि ती कधी व कशी बंद करायची याचा निर्णयही परक्याचाच आहे, हे विसरून चालत नाही.

जिओसिटीज ही सेवा १९९४ साली सुरू झाली आणि लाखो लोकांनी तेथे आपली विनामूल्य पाने उभारली. १९९९ मध्ये ती याहू कंपनीने विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. काही स्वयंसेवकांनी शेवटच्या महिन्यांत धावपळ करून जमेल तेवढा मजकूर उतरवून घेतला, उरलेला गेला. मायस्पेस या एकेकाळच्या अग्रगण्य संकेतस्थळाने २०१९ साली मान्य केले की सर्व्हर बदलताना सदस्यांनी अनेक वर्षे चढवलेले संगीत नष्ट झाले आहे. ज्या गायक-वादकांनी स्वतःजवळ दुसरी प्रत ठेवली नव्हती, त्यांच्यापाशी काहीच उरले नाही.

खासगी खात्यांचा धोका याहून निकटचा आहे. दोन वर्षे वापरात नसलेली व्यक्तिगत खाती त्यांतील मजकुरासह काढून टाकण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून लागू केले आहे. संस्थेची सारी छायाचित्रे ज्या चिटणिसांच्या खात्यावर आहेत, त्यांचे निधन झाले आणि पासवर्ड घरात कोणालाच माहीत नसला, तर संस्थेचा दहा-पंधरा वर्षांचा चित्रमय इतिहास त्यांच्यामागोमाग जातो. घरच्या माणसांना दुःखाच्या काळात याची आठवण होणे शक्य नसते, आणि संस्थेला आठवण होते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

ब्रिटिश संसदेने शोधलेला मार्ग

या प्रश्नाला एका मोठ्या संस्थेने कसे तोंड दिले, याचे उत्तम उदाहरण ब्रिटनचे आहे. तेथील संसदेत मंत्री जी उत्तरे देतात, ती ‘हॅन्सार्ड’ या अधिकृत कार्यवृत्तात छापली जातात. इंटरनेट रुळल्यावर सविस्तर माहिती न देता ‘ती अमुक संकेतस्थळावर पाहावी’ असे सांगून पत्ता देण्याची प्रथा वाढली. कार्यवृत्त ग्रंथालयात सुरक्षित होते. त्यातील पत्ते मात्र एकामागून एक निकामी होत गेले. १९९७ ते २००६ या काळातील हॅन्सार्डमध्ये सरकारी संकेतस्थळांचे जे दुवे दिले होते, त्यांपैकी सुमारे ६० टक्के तुटलेले आहेत, असे २००७ च्या सुमारास आढळून आले. याचा अर्थ असा की मंत्र्यांनी सभागृहाला दिलेल्या उत्तरांचा काही भाग अक्षरशः पुसला गेला होता.

कॉमन्स सभागृहाचे तत्कालीन नेते जॅक स्ट्रॉ यांनी हा विषय उचलून धरला आणि ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे तो सोपवण्यात आला. अभिलेखागाराने दोन गोष्टी केल्या. पहिली, सरकारी संकेतस्थळांच्या तारीखवार प्रती नियमितपणे घेणे. दुसरी गोष्ट अधिक कल्पक होती. सरकारी खात्यांच्या सर्व्हरवर अशी व्यवस्था बसवण्यात आली की एखाद्याने जुना पत्ता उघडला आणि ते पान खात्याच्या संकेतस्थळावर सापडले नाही, तर त्याला ‘पान उपलब्ध नाही’ असा कोरडा संदेश देण्याऐवजी अभिलेखागारातील प्रतीकडे नेले जावे. ही जतन केलेली जुनी प्रत आहे, असे त्या पानावर स्पष्ट लिहिलेले असते, म्हणजे जुनी माहिती चालू समजून कोणाची दिशाभूल होत नाही.

या उपायातून दोन तत्त्वे हाती लागतात. जे एकदा प्रसिद्ध केले ते संस्थेने दिलेला शब्द होय. ते मागे घ्यायचे असेल तर तशी नोंद ठेवून घ्यावे, नकळत नाहीसे होऊ देऊ नये. आणि पानाचा पत्ताही मजकुराइतकाच महत्त्वाचा असतो, कारण इतरांनी आपल्या लेखांत, पत्रांत, न्यायालयीन कागदपत्रांत तोच पत्ता उद्धृत केलेला असतो. स्वतः बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच एक टिपण लिहून पत्ते बदलू नयेत असा आग्रह धरला होता. दुकान त्याच चौकात असताना पाटीवरील नाव दर तीन वर्षांनी बदलणारा व्यापारी आपले जुने गिऱ्हाईक स्वतःच दूर लोटतो.

वेबॅक मशीन: आधार आहे, विसंबणे नको

जुनी पाने शोधण्याचे सर्वांत परिचित ठिकाण म्हणजे अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरातील इंटरनेट अर्काइव्ह ही ना-नफा संस्था. ब्रूस्टर काल यांनी १९९६ मध्ये तिची स्थापना केली. २००१ मध्ये तिचे ‘वेबॅक मशीन’ सर्वांसाठी खुले झाले. त्यात संकेतस्थळाचा पत्ता टाकला, की ते पान वेगवेगळ्या तारखांना कसे दिसत होते हे पाहता येते. ऑक्टोबर २०२५ मध्ये तेथे जतन झालेल्या पानांची संख्या एक लाख कोटींवर पोहोचली. एका माणसाच्या कल्पनेतून आणि देणगीदारांच्या पाठबळावर उभे राहिलेले हे कार्य मोलाचे आहे. तेथे ‘सेव्ह पेज नाऊ’ अशी सोयही आहे. तिचा वापर करून कोणालाही हवे असलेले सार्वजनिक पान विनामूल्य नोंदवून ठेवता येते.

तथापि या व्यवस्थेच्या मर्यादा समजून घेतल्या पाहिजेत. वेबॅक मशीनचे यंत्र दुव्यांवरून दुव्यांवर जात पाने गोळा करते. ज्या पानापर्यंत कोणताही दुवा जात नाही, जे पासवर्डच्या आड आहे, जे शोधचौकटीत नाव टाकल्यावरच उमटते, ते त्याच्या हाती सहसा लागत नाही. चित्रफिती आणि मोठ्या फायली अनेकदा सुटतात. शिवाय ते कोणत्या दिवशी येईल हे संस्थेच्या हाती नसते. पदाधिकाऱ्यांची जुनी यादी मिळेल, पण हवा असलेला अहवाल नेमका दोन भेटींच्या मधल्या काळात चढून उतरलेला असेल.

आणि ही तिजोरीही अभेद्य नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटरनेट अर्काइव्हवर सायबर हल्ला झाला. सुमारे ३ कोटी १० लाख सदस्यखात्यांची माहिती चोरीस गेली आणि वेबॅक मशीन काही दिवस बंद ठेवावे लागले. सुदैवाने जतन केलेला साठा सुरक्षित राहिला. दुसऱ्याच्या तिजोरीत एक प्रत असणे चांगलेच. मूळ प्रत मात्र स्वतःच्या ताब्यात असली पाहिजे.

कोणत्या रूपात ठेवावे?

ब्रिटनमध्ये १०८६ साली राजा विल्यमच्या आज्ञेने जमीनजुमल्याची मोजदाद होऊन ‘डूम्सडे बुक’ नावाची नोंदवही तयार झाली. तिच्या ९०० व्या वर्षानिमित्त १९८६ मध्ये बीबीसीने त्याच धर्तीवर नव्या काळाची माहिती गोळा करून ती लेझर डिस्कवर साठवली. त्या डिस्क विशिष्ट यंत्रावरच चालत. पंधरा-सोळा वर्षांत ती यंत्रे दुर्मीळ झाली आणि माहिती वाचण्यासाठी संशोधकांना खास प्रयत्न करावे लागले. अखेर २०११ मध्ये बराचसा मजकूर पुन्हा लोकांसमोर आणता आला. चर्मपत्रावरील मूळ नोंदवही मात्र आजही जाणकाराला सरळ वाचता येते. मजकूर शाबूत आहे, पण तो उघडणारे साधन नाही, या अवस्थेची धास्ती जतनशास्त्रात सर्वाधिक असते.

म्हणून साठवणुकीसाठी खुली, सर्वमान्य आणि एका कंपनीच्या मालकीची नसलेली रूपे निवडली जातात. संकेतस्थळांसाठी ‘वॉर्क’ हे रूप असून २००९ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. त्यात केवळ पानाचे चित्र नसते. कोणत्या पत्त्यावर मागणी केली, सर्व्हरने काय उत्तर दिले, कोणत्या तारखेला व किती वाजता दिले, हे सारे नोंदले जाते. हिशेबनिसाच्या दृष्टीने पाहिल्यास हे तारीख, शिक्का आणि सही असलेल्या व्हाउचरसारखे आहे. कागदपत्रांसाठी ‘पीडीएफ-ए’ हे दीर्घकालीन साठवणुकीसाठीचे रूप २००५ पासून मानक म्हणून मान्य आहे. त्यात लागणारे फॉन्ट फाईलमध्येच सामावलेले असतात.

मराठी संस्थांपुढे याखेरीज एक स्वतंत्र अडचण आहे आणि ती गंभीर आहे. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची समान अक्षरव्यवस्था १९९१ मध्येच आली आणि तिच्यात देवनागरी होती. परंतु ती मराठी कार्यालयांत आणि छापखान्यांत रुळायला फार वर्षे लागली. तोवर श्रीलिपी, शिवाजी, किरण अशा निरनिराळ्या फॉन्टमध्ये अक्षरजुळणी होत असे. त्या पद्धतीत संगणकाच्या लेखी बहुधा रोमन अक्षरे आणि चिन्हेच असत. फॉन्ट त्यांना देवनागरीचे रूप देई. तो फॉन्ट नसला, की शुद्ध मराठी अहवालाच्या जागी अर्थहीन चिन्हांची रांग उमटते. अशा मजकुराची पीडीएफ पडद्यावर नीट दिसते खरी, पण तिच्यात एखाद्या देणगीदाराचे नाव शोधू गेल्यास संगणकाला ते सापडत नाही. ज्या संस्थांकडे असे जुने अहवाल आहेत, त्यांनी फॉन्टच्या फायली जपून ठेवून मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा आणि मूळ अहवालाशी ताडून पाहावा. रूपांतरात जोडाक्षरे आणि रफार हमखास बिघडतात. मराठी जाणणारा आणि संस्थेतील नावे-आडनावे ओळखणारा वयस्क माणूस हे काम उत्तम करू शकतो. यासाठी तंत्रज्ञ असण्याची गरज नाही.

प्रत कुठे आहे, आणि ती उघडते का?

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. ज्या इमारतींवर क्षेपणास्त्रे पडत होती त्यांतच संग्रहालयांचे, ग्रंथालयांचे आणि अभिलेखागारांचे सर्व्हर होते. आठवड्याच्या आत निरनिराळ्या देशांतील ग्रंथपाल, अभ्यासक आणि तंत्रज्ञ एकत्र आले आणि युक्रेनच्या सांस्कृतिक संस्थांची संकेतस्थळे उतरवून घेऊ लागले. खार्किव्हच्या राज्य अभिलेखागाराच्या संकेतस्थळावरील शंभर गिगाबाइटहून अधिक मजकूर त्यांनी उतरवला आणि त्यानंतर काही तासांतच तो सर्व्हर बंद पडला. या मोहिमेत एक हजाराहून अधिक स्वयंसेवकांनी पाच हजारांवर संकेतस्थळांच्या प्रती सुरक्षित केल्या. प्रत दूरच्या ठिकाणी असण्याचे महत्त्व याहून स्पष्टपणे सांगता येणार नाही.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात १९९९ मध्ये सुरू झालेला ‘लॉक्स’ हा प्रकल्प याच तत्त्वावर चालतो. अनेक ग्रंथालयांत एकाच मजकुराच्या प्रती ठेवल्या जातात, संगणक त्या परस्परांशी ताडून पाहतात आणि एखादी प्रत बिघडली तर इतरांवरून ती दुरुस्त करतात. ताडून पाहण्याची युक्ती व्यापाऱ्याला परकी नाही. संगणक फाईलमधील सर्व मजकुरावरून एक लांबलचक संख्या काढतो. एक स्वल्पविराम बदलला तरी ती संख्या बदलते. वहीच्या प्रत्येक पानाखाली बेरीज मांडून ती पुढच्या पानावर ओढण्याचा जो हेतू, तोच या संख्येचा.

केवळ प्रत असणेही मात्र पुरेसे नसते. २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर खंडणीखोरांनी सायबर हल्ला केला. ग्रंथालयाने खंडणी दिली नाही. मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात ग्रंथालयाने प्रामाणिकपणे नमूद केले की डिजिटल संग्रहाच्या सुरक्षित प्रती त्यांच्याजवळ होत्या, परंतु त्या पुन्हा उभ्या करण्यासाठी लागणारी यंत्रणाच निकामी झाली होती. ब्रिटनच्या संकेतस्थळांचा जो संग्रह तेथे होता, तो वाचकांना दीर्घकाळ पाहता आला नाही. अग्निशामक नळकांडे भिंतीवर टांगलेले असते. ते चालते की नाही हे आग लागण्यापूर्वी पाहायचे असते. तसेच वर्षातून एकदा जतन केलेली प्रत दुसऱ्याच संगणकावर उघडून पाहिली पाहिजे.

भारतातील कायदा

भारतात १९५४ च्या कायद्यान्वये प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील निर्दिष्ट ग्रंथालये यांना पाठवायची असते. १९५६ मध्ये वृत्तपत्रांचा त्यात समावेश झाला. त्या कायद्यात संकेतस्थळांचा उल्लेख नाही. सरकारी संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे आली आणि २०१८ व २०२३ मध्ये सुधारली गेली, त्यांत मुदत संपलेल्या मजकुराच्या जतनाविषयी प्रत्येक खात्याचे धोरण असावे, असे म्हटले आहे. खासगी संस्थांच्या संकेतस्थळांची राखण मात्र त्यांच्यावरच सोपवलेली आहे.

यासंदर्भात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ७ वाचण्यासारखे आहे. जे कागदपत्र कायद्याने जपायचे आहे ते इलेक्ट्रॉनिक रूपात जपल्यास चालते, परंतु तीन अटींवर. ते पुढे केव्हाही पाहता आले पाहिजे. ते मूळ रूपात, किंवा मूळ मजकूर अचूक दाखवील अशा रूपात असले पाहिजे. आणि ते कोठून आले, कोठे गेले, केव्हा, हे ओळखता आले पाहिजे. हा कायदा हिशेबाच्या आणि वैधानिक कागदपत्रांसाठी असला, तरी संस्थेच्या सर्व मजकुराला हीच कसोटी लावण्यास हरकत नाही.

संस्थांना काय करता येईल

पहिले काम मालकीचे. डोमेनची नोंदणी संस्थेच्या नावाने आणि संस्थेच्या ईमेल पत्त्यावर असावी. कंत्राटदाराच्या किंवा एखाद्या उत्साही तरुण कार्यकर्त्याच्या नावाने नसावी. ती शक्य तितक्या दीर्घ मुदतीसाठी करावी आणि मुदत संपण्याची तारीख विम्याच्या हप्त्यांच्या तारखांबरोबर नोंदवावी. संकेतस्थळ तयार करून देणाऱ्याशी करार करताना, काम संपल्यावर संपूर्ण मजकुराची प्रत संस्थेच्या हाती दिली जाईल, हे कलम लेखी असावे.

दुसरे काम निवडीचे. सारेच जपण्याची गरज नसते. उद्याच्या कार्यक्रमाची वेळ परवा निरुपयोगी असते. घटना, नियमावली, वार्षिक अहवाल, हिशेबपत्रके, सभांचे ठराव, पदाधिकाऱ्यांच्या वर्षवार याद्या आणि नावानिशी मथळे असलेली छायाचित्रे यांचे मोल मात्र काळाबरोबर वाढते. छायाचित्राची मूळ, मोठ्या आकाराची फाईल जपावी, कारण संकेतस्थळावर चढवलेले रूप बहुधा आकुंचित असते. त्यातील माणसांची नावे ती माणसे ओळखणारे कोणी हयात असतानाच लिहून घ्यावीत.

तिसरे काम मर्यादेचे. जतन करणे आणि सर्वांसमोर मांडणे या भिन्न गोष्टी आहेत. विद्यार्थ्यांचे पत्ते, देणगीदारांचे दूरध्वनी क्रमांक, मदत घेणाऱ्या कुटुंबांची परिस्थिती हा मजकूर गरज असेल तरच आणि कुलुपातच असावा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मुळे ही दक्षता आता कायद्याचाही विषय झाली आहे.

चौथे काम प्रतींचे. आर्थिक वर्ष संपल्यावर, हिशेब बंद करतानाच, संकेतस्थळाची संपूर्ण प्रत घ्यावी. एक प्रत संस्थेच्या कार्यालयात, दुसरी वेगळ्या गावी विश्वस्ताकडे किंवा बँकेच्या लॉकरमध्ये हार्ड डिस्कवर आणि तिसरी संस्थेच्या नावे असलेल्या ऑनलाइन साठ्यात ठेवावी. हार्ड डिस्कही यंत्रच आहे. ती काही वर्षांनी बदलून मजकूर नव्या डिस्कवर न्यावा. महत्त्वाची सार्वजनिक पाने इंटरनेट अर्काइव्हमध्येही नोंदवावीत. आणि वार्षिक अहवालाच्या काही प्रती टिकाऊ कागदावर अवश्य छापाव्यात. कागदाची थोरवी अजून संपलेली नाही.

पाचवे काम सर्वांत सोपे आणि सर्वाधिक दुर्लक्षित आहे. विश्वस्त मंडळ बदलते तेव्हा किल्ल्या, चेकबुके, ठेवींच्या पावत्या आणि दागिन्यांची यादी ताब्यात देऊन-घेऊन सह्या होतात. त्याच यादीत आणखी चार ओळी असाव्यात: डोमेन कोणाच्या नावे व कधीपर्यंत, होस्टिंग कोठे, पासवर्डचे मोहोरबंद पाकीट कोणाजवळ, आणि शेवटची प्रत कोणत्या तारखेची. पाकीट उघडल्याची नोंद व्हावी आणि पासवर्ड बदलल्यास पाकीटही बदलावे.

या कामाला मोठा निधी लागत नाही. वर्षातून दोन-तीन दिवसांचा वेळ आणि एक जबाबदार नाव लागते. व्यापारी घराण्यांनी संस्था उभारताना सढळ हाताने दान दिले आणि पैशापैशाचा हिशेब लिहून ठेवला. तो लिहिला गेला म्हणूनच कोणाच्या आजोबांनी कोणत्या खोलीसाठी किती रक्कम दिली, हे आज सांगता येते. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर ‘संस्थेच्या संकेतस्थळाचे जतन आणि त्यासाठी जबाबदार व्यक्तीची नेमणूक’ हा एक विषय घातला आणि त्या व्यक्तीचे नाव इतिवृत्तात लिहिले, तरी अर्धे काम मार्गी लागेल.